कांडीभर चाल

कमळवहिनीला मी दोनदाच रडताना पाहिलं. एकदा माहेरी, कोन गावात, तिची आई वारली तेव्हा, आणि एकदा तिचा पलंग वरून खाली आणला तेव्हा. दुसऱ्या वेळी जास्त रडली. बघायला आलेल्या बायकांना वाटलं, दुखण्याला रडतेय. दुखण्याला कसली रडते ती! ती स्वयंपाकघरासाठी रडत होती.

आमचं घर भिवंडीतल्या नारपोलीत. खाली बारा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना, वर आम्ही राहतो. कारखान्याचं छत उंच, म्हणून जिनाही उंच. अठरा पायऱ्या, आणि एकेक पायरी अशी की धडधाकट माणसानंही कठडा धरावा. वर चढलं की पहिली खोली स्वयंपाकाची. ती वहिनीची. मी हौसा, तिची धाकटी जाऊ. लग्न होऊन आले तेव्हापासून अकरा वर्षं त्या खोलीत माझं काम म्हणजे कांदा चिरायचा, कोलंबी सोलायची आणि ऐकून घ्यायचं. "हौसा, हात हाय का फावडा?" हे ती पाहुण्यांसमोर म्हणायची. मी तरी कुठली गप्प बसतेय. मीही फाडकन बोलायचे. पण तिच्या हातची तांदळाची भाकरी आणि खाडीच्या कोलंबीचं कालवण खाऊन माणसं बोटं चाटत उठायची, हे मला कबूल करावंच लागतं. माझ्या हाताला ती चव नाही. आजही नाही.

दोन हजार पाच सालच्या गणपतीत ती मोदकांचं पातेलं घेऊन चढताना मधल्या पायरीवरच बसली. तोंड उघडं, डोळे मोठे, बोलता येईना. मग सुरू झाले डॉक्टर. एक म्हणाला रक्त कमी आहे. दुसऱ्यानं दम्याचा पंप दिला. तिसरा म्हणाला वजन उतरवा. चौथ्यानं कारखान्याकडे बोट दाखवून सांगितलं, ही सगळी धुळीची कृपा. दीड वर्षं असं गेलं. शेवटी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात हृदयाची सोनोग्राफी झाली आणि तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की फुफ्फुसात रक्त नेणाऱ्या नळ्या आतून बारीक झाल्यात आणि तिथला दाब वाढलाय. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू थकत चाललीय. पल्मनरी हायपरटेन्शन असं त्याचं नाव.

केसरीनाथदादा, म्हणजे माझे मोठे दीर, वहिनीचा नवरा, म्हणाले, "प्रेशरच ना? गोळी चालू करून टाका."

"ते प्रेशर वेगळं, हे वेगळं," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या देतो, पण हा बरा होण्यातला रोग नाही. जपून राहायचं. वजन उचलायचं नाही, जिना चढायचा नाही."

वहिनीनं बाकी काही ऐकलंच नाही. गाडीत बसल्यावर तिनं एकच विचारलं, "जिना कवापर्यंत चढायचा न्हाय?"

त्या गोळीची तर वेगळीच कथा. चिठ्ठी घेऊन दादा नारपोलीच्या मेडिकलात गेले, तर तिथला माणूस गालात हसला आणि म्हणाला, "काय केसरीनाथशेठ, या वयात?" ती गोळी पुरुष भलत्याच कामासाठी घेतात म्हणे. दादा लाजेनं लालबुंद होऊन तसेच परत आले आणि पुढे दर महिन्याला ती गोळी आणायला कल्याणला जायला लागले. मला कळलं तेव्हा मी म्हटलं, दादा, बायको मरायला टेकलीय आणि तुम्हाला मेडिकलवाल्याची लाज वाटते! मोठ्या दिराला असं बोलायचं नसतं. पण बोलले.

पलंग खाली आला, कारखान्याच्या मागच्या खोलीत. आणि स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. दुसऱ्याच दिवशी मी सगळे डबे मला हवे तसे लावले. वहिनी खालून वास घ्यायची आणि जेवणाचं ताट गेलं की म्हणायची, "मसाला कच्चा हाय." एवढं बोलायलाही तिला मध्ये दोनदा थांबावं लागायचं, पण बोलल्याशिवाय राहायची नाही.

असं वर्षभर पडून राहिली. पडून पडून तिच्या पायांच्या काड्या झाल्या. आधी दहा पावलांवर धाप लागायची, मग मोरीपर्यंत जाताना लागायला लागली. त्या सुमाराला, आठ सालच्या सुरुवातीला, जवळच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात अतिया मॅडम आल्या. व्यायाम शिकवणाऱ्या, फिजिओथेरपिस्ट. भिवंडीच्याच, कोकणी मुसलमान घरातल्या, वय असेल सव्वीस-सत्तावीस. कुणीतरी सांगितलं म्हणून मी वहिनीला रिक्षात घालून नेलं. मॅडमनी सगळे कागद वाचले आणि म्हणाल्या, "आधी अशा पेशंटना झोपवूनच ठेवायचे. आता परदेशात बघितलंय, की थोडं थोडं, मोजून चालवलं तर फायदा होतो. नळ्या नाही सुधारत, पण पायांना ताकद येते, मग हृदयावरचा भार हलका वाटतो. मी मोठ्या डॉक्टरांना फोन करते. ते हो म्हणाले तरच."

डॉक्टर हो म्हणाले, पण सांभाळून करा म्हणाले. दादांना पटलं नाही. "हृदय थकलंय आनि तिला पळवताय?" असं म्हणत राहिले. वहिनीनं त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. तिनं मॅडमना विचारलं, "म्हंजे मी जिना चढन?"

"सांगता येत नाही, कमळताई. खोटी आशा नाही देणार."

"पन न्हाय असंही न्हाय ना?"

"नाही असंही नाही."

बास. एवढ्यावर बाई उठली.

पहिल्या दिवशी श्वास शिकवला. नाकानं घ्यायचा, ओठ मुडपून हळू फुंकर मारत सोडायचा, घेतला त्याच्या दुप्पट वेळ. वहिनीनं ओठ मुडपले आणि आत ओढला. पुन्हा केलं, पुन्हा आतच. मॅडमना कळेना. मी हसत सुटले. मी सांगितलं, मॅडम, ही लूमवरची बाई आहे. शटलच्या, म्हणजे धोट्याच्या, भोकातून सुताचं टोक बाहेर काढायचं तर तोंड लावून ओढावं लागतं, कारागीर सुट्टीवर गेला की आम्हीच लूम चालवतो. ओठ मुडपले की हिला ओढायचंच ठाऊक. फुंकर मारायला तिला चार दिवस लागले. आणखी एक, श्वास कोंडायचा नाही. बादली उचलताना, कुंथताना, रागावतानासुद्धा. यावर वहिनी म्हणाली, "मग हौसाला वर ठेवा आनि मना खाली. ती समोर आली की कोंडतोच."

मग सहा मिनिटांची चाल. दवाखान्याच्या लांब पडवीत खुणा केल्या होत्या. सहा मिनिटांत किती मीटर होतात ते मॅडम मोजायच्या, मध्ये बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघायच्या. वहिनीचे पहिल्यांदा झाले एकशे नव्वद, दोनदा बसून. तिच्याच वाराला, सोमवारी, यूनुसचाचा यायचे. त्यांनाही हाच रोग. साठीचे, स्वतःचे लूम असलेले, पांढरी टोपी, दाढी, आणि तोंडाला कुलूप नाही. त्यांचे दोनशे चाळीस. "कमळ, तू कासव है तो मैं सशाचा बाप," असं म्हणायचे आणि स्वतः खांबाला धरून धापा टाकायचे. दोघांची चुरस लागली. ससा कसला, दोघं मिळून एक माणूस धड चालत नव्हता. पण सोमवारची वाट बघायला लागली वहिनी. वर्षभरात तिनं कशाचीच वाट बघितली नव्हती.

घरी रोज करायचं होतं. पाच मिनिटं चालायचं, बसून वीस श्वास घ्यायचे, पुन्हा चालायचं, असं तीनदा. घड्याळ दिलं मॅडमनी. पण वहिनी चालताना सारखी घड्याळाकडे बघायची, काटा सरकत नाही म्हणून वैतागायची आणि श्वास कोंडायची. मॅडम म्हणाल्या, घड्याळ काढून टाका, दुसरं काहीतरी शोधा.

शोधायचं काय त्यात? आमच्या घरात वेळ कांडीवरच चालतो. कांडी म्हणजे वीतभर लाकडी दांडी, तिच्यावर सूत गुंडाळलेलं असतं. ती शटलमध्ये बसते, शटल लूमवर इकडून तिकडे धावतं, आणि सूत संपलं की लूम थांबतो, कारागीर नवी कांडी घालतो. कांड्या भरण्याचं मशीन मी चालवते. "एका कांडीत येतो" म्हणून माणूस पानाच्या टपरीवर जातो. भात तीन कांड्यांत होतो. मॅडम एकदा मुद्दाम घरी आल्या, घड्याळ लावून खिडकीजवळच्या पहिल्या लूमची कांडी बघितली. बरोबर पाच मिनिटं. दुसरी बघितली, तीही पाच. "वा! परफेक्ट," म्हणाल्या.

मग असं ठरलं. वहिनी मागच्या पडवीत चालणार. खिडकीच्या आत माझं मशीन. पहिल्या लूमची कांडी संपली की मी हात वर करणार आणि ती स्टुलावर बसणार. मॅडम म्हणाल्या, चालताना बोलता आलं पाहिजे, बोलता येईना झालं की थांबायचं, कांडी राहिली तरी. मी म्हटलं, इथं बारा लूमच्या खडखडाटात कोण कुणाचं ऐकतंय? आम्ही ओठ बघून बोलतो. "मग दर फेरीला ताईंनी खिडकीतून तुम्हाला काहीतरी बोलायचं, तुम्ही ओठ वाचायचे," मॅडम म्हणाल्या. वहीही मलाच दिली. रोज लिहायचं, किती कांड्या चालली.

वहिनी दर फेरीला खिडकीशी येऊन मला शिव्या द्यायची. खारट केलंस, करपवलंस, गधडे, कोथिंबीर किती ती. आवाज नाही, नुसते ओठ. मीही आतून तशाच द्यायचे. खरं सांगते, त्या तीन-चार महिन्यांत आम्ही जितक्या बोललो, तितक्या अकरा वर्षांत बोललो नव्हतो.

मे महिन्यात वहिनीचे दोनशे पंच्याऐंशी मीटर झाले, न बसता. यूनुसचाचांचे तीनशे. मॅडम म्हणाल्या, "साडेतीनशे होऊ देत. मग मोठ्या डॉक्टरांना विचारून तीन पायऱ्यांनी सुरुवात करू." वहिनी रिक्षात बोटांवर मोजत बसली. तीन गेल्या की पंधरा. घरी आल्यावर तिनं मला खालूनच सांगितलं, "डबे होते तसे लावून ठेव."

मी डबे लावले नाहीत.

जूनमध्ये दादांनी सूत देऊन कापड विणून घेणाऱ्या शेठकडून नवं काम घेतलं. जाडं कापड बंद, बारीक कापड सुरू. आधी आम्ही वीस नंबरचं सूत वापरायचो, आता चाळीस नंबरचं आलं. नंबर वाढला की सूत बारीक होतं. बारीक सूत एका कांडीवर लांबीनं दुप्पट मावतं. म्हणजे कांडी संपायला दुप्पट वेळ लागतो. हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? मी लग्नाच्या आधीपासून कांड्या भरतेय. त्या चाळीस नंबरच्या कांड्या मीच माझ्या हातानं भरल्या. उलट खूश झाले, की आता कांड्या कमी लागतात, हाताला जरा आराम.

पहिल्याच दिवशी मी हात वर केला तेव्हा वहिनी भिंतीला टेकली होती. स्टुलावर बसून वीस श्वास घेतले. मग ओठांनी विचारलं, "आज कांडी मोठी होती काय गो?"

मी आतून हसले. ओठांनी म्हटलं, "कांडी तीच हाय. तू म्हातारी झालीस."

तीही हसली. उठली आणि दुसरी फेरी चालली. म्हातारी म्हटलेलं तिला कधी सोसायचं नाही, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं.

देवाशपथ सांगते, तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं. रोज मी वहीत लिहीत होते, तीन कांड्या. दर फेरीला ती खिडकीशी यायची, पण शिव्या बंद झाल्या होत्या. ओठ मुडपलेले असायचे, फुंकर चाललेली. मला वाटलं, आता कशी गुणी झाली, व्यायाम मन लावून करतेय. त्या ओठांना बोलायला दमच उरला नव्हता, हे मी वाचलं नाही. खिडकीच्या जाळीवर सुताचा भुगा बसलेला, त्यातून रंगही कळत नव्हता. मध्ये एक सोमवार दवाखाना बंद होता, म्हणून मॅडमशीही गाठ पडली नाही.

सहाव्या दिवशी कळलं. मशीनवर सुताचा नवा कोन चढवत होते, त्याच्या कागदावर चाळीसचा आकडा होता. मी बाहेर बघितलं. वहिनी चालत होती, पाय जड टाकत, घोटे सुजलेले. आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं, की ही पाच नाही, दहा मिनिटं चालतेय. सहा दिवस चालतेय.

तेव्हा मी उठून बाहेर जायला हवं होतं. चार पावलं होती. मी गेले नाही. मला आधी वाटलं, दहा मिनिटं चालतेय आणि पडत नाहीये, म्हणजे खरंच सुधारलीय. आणि लगेच दुसरं आलं, म्हणजे आता ती वर येईल. याच्या पुढचं मी माझ्या मनाला कधी विचारलं नाही. विचारायची छाती नाही. सोमवारी मॅडमना सांगू, असं ठरवलं आणि कांडी संपल्यावर हात वर केला.

दुसऱ्या दिवशी वहिनी दुसऱ्या कांडीत पडली. पडवीत, खिडकीच्या समोरच. लूम चालू होते, म्हणून आवाज कुणालाच आला नाही. मला दिसलं म्हणून मी धावले. ओठ जांभळे पडले होते. तिनं माझा हात धरला होता, रिक्षात, हॉस्पिटलच्या दारात, आत नेईपर्यंत धरला होता. चार दिवस होती. पोटात पाणी झालं होतं. पाचव्या दिवशी सकाळी गेली. बेचाळीस वर्षांची होती.

मोठे डॉक्टर म्हणाले, "या रोगात असं होतं. चालली नसती तरी झालं असतं कदाचित." कदाचित. त्या कदाचितवर मी कितीतरी दिवस काढले. पण दादांनी ते ऐकलंच नाही. अतिया मॅडम भेटायला आल्या तेव्हा बाराव्याची माणसं बसली होती. त्यांच्यादेखत दादा म्हणाले, "चालवून चालवून मारलीस माझ्या बायकोला." मॅडमचे डोळे भरले होते. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वही बघू का?"

मी वही दिली. त्यांनी एकेक पान उलटलं. शेवटची आठ-दहा पानं दोनदा बघितली. दादा पाठीमागे उभे होते.

"रोज तीनच. एकही जास्त नाही," मॅडम म्हणाल्या. "हौसाताई, कांडी पाच मिनिटांचीच होती ना? मधे काही बदललं नव्हतं?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. सूत त्यांनीच बदललं होतं, पण कांडीचा आणि चालण्याचा मेळ त्यांच्या डोक्यात नव्हता. तो फक्त माझ्या डोक्यात होता.

"पाचच," मी म्हटलं. "काही बदललं नाही."

मॅडमनी वही मिटली. "मग माझंच चुकलं. एवढंसुद्धा त्यांना झेपणारं नव्हतं. मला ओळखता आलं नाही." त्या वही घेऊन गेल्या. मी वर जाऊन माणसांसाठी चहा टाकला.

चार महिन्यांनी बाजारात यूनुसचाचा दिसले. त्यांच्या भाच्याच्या दुकानाबाहेर खुर्चीत बसले होते, पाय शेकोटीच्या लाकडासारखे सुकलेले. मला बघून हाक मारली. मी जवळ गेले. बोलताना त्यांना दर तीन शब्दांनी थांबावं लागत होतं.

"अतियानं चालणं बंद केलं, बेटा. माझंच नाही, सगळ्यांचं. म्हणते, कमळताईचं झालं ते पुन्हा नको. मला तर बरं वाटत होतं गं. तीनशे मीटर! आता मोरीपर्यंत पोरं धरून नेतात." ते थांबले, ओठ मुडपून फुंकर मारत श्वास सोडला, आणि माझ्याकडे वाकून हळू म्हणाले, "तू रोज खिडकीत होतीस. तूच सांग. कमळला खरंच चालण्यानं झालं का? तू नाही म्हणालीस ना, तर मी घरात गुपचूप चालेन. अतियाला नाही सांगणार. तुझ्या शब्दावर चालेन."

रस्त्यावर टेम्पो अडकला होता, हॉर्न वाजत होते. त्यांनी कानामागे हात धरला आणि माझ्या ओठांकडे बघत राहिले.

"चालण्यानंच झालं, चाचा," मी म्हटलं. "तुम्ही बसूनच राहा."

त्यांनी मान हलवली. "अच्छा," म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून मला दुवा दिली.